रिकामी मोट भरणारे त्रिंबकराव

गौरवसमितीचे चिटणीस आणि हा ग्रंथ वाचणारी सर्व मंडळी यांस सादर नमस्कार.

लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याची आधी क्षमा मागतो. तुमचे पत्रक मला दिवाळीच्या अगोदर मिळाले होते आणि आता इकडे ऊस तुटायला लागला आहे. माझे शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. बाजारात तागडी धरायला तेवढे पुरले, पण मोठ्या माणसावर लिहायला बसलो की शब्द सापडत नाही. एखादा शब्द कमीजास्त पडला तर त्रिंबकरावांचा अपमान होईल, या धास्तीने मी लिहिलेले चार वेळा फाडले. शेवटी जावई म्हणाले, "मामा, गौरव साठीचा हाय, पंच्याहत्तरीचा न्हाय. आता द्या पाठवून." म्हणून पाठवतो आहे. शुद्धलेखन तुम्ही सुधारून घ्यावे.

उशिराचे आणखी एक कारण आहे. तुमच्या पत्रकात म्हटले आहे की, या ग्रंथात त्रिंबकरावांच्या निवडक कथाही छापणार. त्या नावांत 'रिकामी मोट' आहे. 'भरली मोट' नाही. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझी विनंती एवढीच, की पहिली छापणार असाल तर तिच्यामागे दुसरीही छापा. असे का म्हणतो, ते कळायला सगळी हकीकत सांगावी लागेल. ती सांगताना गौरवही होईल, अशी आशा आहे.

श्री. त्रिंबकराव कळसकर हे मूळचे इंदापूर तालुक्यातील कळसचे. भुताखेतांच्या कथा लिहिणारे म्हणून पुण्यामुंबईचे वाचक त्यांना ओळखतात. आमच्या भागात मात्र त्यांची ओळख 'कालव्याचे रावसाहेब' अशीच आहे. ते कालव्याच्या कचेरीत कारकून होते आणि इंदापूरहून बदली होऊन बारामतीस आले होते. कोणत्या गावाला पाणी कधी सुटणार, कोणाची पाळी कधी, कोणाच्या पाटाचे दार बंद होणार, हे सगळे छापील जाहीरनाम्यांतून कळवायचे काम त्यांच्याकडे असे. गावोगाव चावडीवर ते कागद लागत आणि खाली त्यांचे नाव असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

मी त्या वेळी बारामतीच्या भाजीबाजारात एका अडतदारांच्या दुकानी तोलारी होतो. एके दिवशी दुपारी लिलाव उरकून बाजार रिकामा झाला होता. त्रिंबकराव आमच्या दुकानासमोर छत्री मिटून उभे राहिले आणि हमालांना म्हणाले, "इथे सगळ्यांत भित्रा माणूस कोण?"

रामा हमालाने क्षणभरही विचार केला नाही. "भ्याचं मानूस पायजे? मग ह्ये आमचं धोंडीबा घ्या, रावसायेब. पाल चुकचुकली तरी मारुतीला नारळ बोलत्यात."

सगळे हसले. मला वाटले, कालव्याचा कोणीतरी अधिकारी आपल्याला कसल्यातरी साक्षीला नेणार. मी तागडीमागे सरकलो. त्रिंबकरावांनी ते पाहिले. ते माझ्यापाशी आले, एका पालथ्या पाटीवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. म्हणजे, आत्ता घाबरू नका. मी एक गोष्ट लिहिली आहे, ती ऐका. मग घाबरलात तर माझ्यावर उपकार होतील."

अशी आमची ओळख झाली. पुढे कित्येक वर्षे त्यांची प्रत्येक नवी कथा छापायला जाण्यापूर्वी आमच्या दुकानात, भर उन्हाच्या वेळी, मला वाचून दाखवली गेली. मी एकदा विचारले, "रावसाहेब, भुतांच्या गोष्टी दिवे लागल्यावर सांगतात, तुम्ही दुपारी का सांगता?" ते म्हणाले, "अंधारात कोणीही घाबरवील, धोंडीबा. त्यात माझे काय?"

त्यांच्या कथांत हाडे, कवट्या, रक्त असले काही नसते, हे वाचकांना ठाऊक आहेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला वाचून दाखवलेली कथा एका सुखी घराची होती. त्या घरात रोज एक पान जास्त वाढले जाते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच. ऐकताना मला काही वाटले नाही. संध्याकाळी घरी कारभारणीने पाने मांडली तेव्हा मात्र मी ती आधी मोजली आणि मग बसलो. दुसऱ्या दिवशी हे त्यांना सांगितले. तेव्हा लहान मुलासारखे खूश होऊन त्यांनी साऱ्या हमालांना चहा पाजला. रामा म्हणाला, "धोंडीबा, रोज भ्या की राव! आमाला च्या तरी मिळंल."

मी घाबरलो नाही, तर ती कथा ते परत पिशवीत घालत. वाद घालत नसत. "तुम्हाला समजली नसेल," असे त्यांनी मला कधीही म्हटले नाही. माझ्यासारख्या माणसाशी असे वागणारे लोक मी फार पाहिले नाहीत.

त्यांच्या मायेची एक आठवण इथे लिहितो. एका वर्षी आमच्या कारभारणीला हिवतापाने धरले. मी तर हातपायच गाळले. त्रिंबकराव रोज कचेरी सुटल्यावर येत, सरकारी दवाखान्यातून कोयनेल आणत आणि माझ्यापाशी ओट्यावर बसत. त्या दिवसांत त्यांनी भुताचा शब्दही काढला नाही. त्याऐवजी त्यांनी मला त्यांच्या लहानपणीचे सांगितले. ते म्हणाले, "मी तुमच्यापेक्षाही भित्रा होतो. आई लवकर गेली. भीती वाटली की सांगायचे कोणाला, हा प्रश्न होता. मग मी भीतीची गोष्ट करून शेळ्यांना सांगायचो. शेळ्या ऐकतात हो चांगल्या!" कारभारणी अंथरुणातून हसली. त्या दिवशी तिने चार दिवसांत पहिल्यांदा काही मागून खाल्ले.

आता 'रिकामी मोट'विषयी.

कालव्याच्या फेरीवर त्रिंबकराव कोऱ्हाळे बुद्रुकला जात तेव्हा एका मळ्यातल्या विहिरीवर दुपारचे थांबत. हा मळा भागूआक्कांचा. नवरा वारल्यावर या बाई एकट्याने वांगी, गवार, मिरची करीत आणि बारामतीला आमच्याच दुकानी माल आणीत. तोंडाने फटकळ, पण त्रिंबकरावांना भाकरी आणि विहिरीचे गार पाणी दिल्याशिवाय त्यांनी कधी पुढे जाऊ दिले नाही. त्या विहिरीवर वाकलेले लिंबाचे झाड आहे आणि थारोळ्याचा, म्हणजे मोट जिथे रिती होते त्या दगडी कुंडाचा, एक कोपरा उडालेला आहे.

त्रिंबकरावांनी ती विहीर जशीच्या तशी कथेत घेतली. त्या कथेत बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासच्या उतारावरून, उतरतात, नाडा ताणला जातो, बैलांच्या तोंडाला फेस येतो, इतकी मोट जड होते. आणि वर येते ती कोरडी. आत थेंब नाही. मोटकरी पुन्हा सोडतो, पुन्हा तेच. काय जड होते, ते कथा संपेपर्यंत कळत नाही. मला ती वाचून दाखवली तेव्हा मी तागडीचे रिकामे पारडे उचलायला धजलो नाही. खोटे सांगत नाही. रामाने येऊन ते उचलले.

पुण्याच्या मासिकाने त्या कथेला वर्षातल्या उत्तम कथेचे सुवर्णपदक दिले. छोट्या आगगाडीने ते अंक बारामतीला आले तेव्हा आम्ही दुकानात पेढे वाटले. त्रिंबकरावांनी एक अंक कोऱ्हाळ्याच्या चावडीला भेट दिला. तिथल्या शाळामास्तरांनी तो गावाला वाचून दाखवला.

वाचून झाल्यावर लोक अंकाभोवती जमले. मग एक म्हातारे म्हणाले, "खाली नाव कुणाचं हाय?" मास्तरांनी सांगितले, त्रिंबक कळसकर. "म्हंजी कालव्याचं रावसायेब?" "होय." "मग भागूच्या हिरीत कायतरी हाय. त्यास्नी म्हाईत झालं, म्हून छापून काढलं."

मास्तरांनी पुष्कळ समजावले, ही कल्पना आहे, मनोरंजन आहे. पण लोकांचे म्हणणे असे, की याच माणसाने छापले होते की पाणी सुटणार, आणि पाणी सुटले. याच माणसाने छापले होते की दार बंद होणार, आणि बंद झाले. मग हेच खोटे कसे?

पुढच्या बाजारी भागूआक्कांच्या वांग्याला गिऱ्हाईक उभे राहिना. काळीभोर, देठाला काटे ताजे, असली वांगी तशीच पडून राहिली. मी तागडी धरून उभा. एक माळीण जवळ येऊन कुजबुजली, "त्या हिरीचं पाणी प्यालेली हायती ती. कोण खाईल?" रोजाने येणाऱ्या बाया मळ्यात यायच्या बंद झाल्या. मोटकरी सोडून गेला. भागूआक्का पदर खोचून बाजारात ओरडल्या, "आगं, मी त्याच हिरीचं पानी रोज पिती! मी काय भूत दिसतीया का?" कोणी हसले नाही, हे वाईट. त्या बाजारात त्यांच्या बोलण्यावर नेहमी सगळे हसत असत.

मी त्रिंबकरावांना ही बातमी सांगितली. ते दौत बंद करून उठले आणि त्याच पावली कोऱ्हाळ्याला गेले. भागूआक्का त्यांना काय बोलल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. "रावसायेब, भाकरी मी दिली, पानी मी दिलं. हीर तरी इचारून न्यायची हुती."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी मासिकात ठळक अक्षरांत खुलासा दिला की, सदर कथा सर्वस्वी कल्पित आहे. चावडीत तोही वाचला गेला. गाव म्हणाले, "वरनं दाब आला आसंल." मग ते बाजारच्या दिवशी भर गर्दीत आमच्या दुकानासमोर उभे राहिले आणि आक्कांच्या पाटीतले वांगे उचलून कच्चेच खाऊ लागले. एक झाले, दुसरे घेतले. लोक जमले, पाहिले, आणि पांगले. रामा हमाल माझ्या कानात म्हणाला, "त्यांचं काय जातंय? सरकारी माणसाला भूत लागत न्हाय."

त्या दिवशी बाजार उठल्यावर त्रिंबकराव येऊन पालथ्या पाटीवर बसले. त्यांच्या कथांचे पुस्तक पुण्याचे प्रकाशक काढणार होते आणि त्याला मोठे पारितोषिक मिळणार, अशी बोलवा होती, ती 'रिकामी मोट'च्या जोरावर. ते म्हणाले, "धोंडीबा, हे लोक छापलेले मानतात. तेव्हा छापूनच सोडवले पाहिजे."

मी म्हटले, "मग लिहा की. भुताला मुक्ती मिळाली म्हणून लिहा."

"ती मोट रिकामीच यायला हवी," ते म्हणाले. "काय जड होते, ते कळले की कथा गेली. दहा वर्षे लिहितो आहे, तेव्हा कुठे एक अशी साधली." मग त्यांनी विचारले, "आक्कांची मिरची कधी निघते?" मी म्हटले, "तोडायला बाया मिळाल्या तर आताच." ते छत्री उचलून लिहायला घरी गेले.

'भरली मोट' त्यांनी मला वाचून दाखवली तेव्हा बाजारात ऊन रणरणत होते. तीच विहीर, तेच झाड. मोटेला लोंबकळणारा असतो एक जुना मोटकरी. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या मळ्यांना पाणी पाजले आणि मरताना त्याच्या तोंडात पाणी घालायला कोणी नव्हते. मळ्याची मालकीण स्वतः धावेवर उभी राहते आणि विहिरीत वाकून म्हणते, "बाबा, पहिली मोट तुझी. पी आन् मोकळा हो." ती पहिली मोट मातीत ओतते. दुसरी मोट काठोकाठ भरून येते.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "घाबरलात?"

"न्हाय," मी म्हणालो. मी तागडी खाली ठेवली. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"मग ही अशीच जाऊ द्या," ते म्हणाले.

मासिकाच्या संपादकांनी ती छापायला खळखळ केली. तेव्हा त्रिंबकरावांनी कळवले की, ही छापत नसाल तर पदकही परत घ्या. शेवटी छापली. पुण्याच्या एका टीकाकारांनी लिहिले की, कळसकरांनी भुताचा सत्यनारायण घातला. त्रिंबकरावांनी ते मला वाचून दाखवले आणि म्हणाले, "बरोबर आहे हो त्यांचे!" आणि हसले. पुस्तक निघाले तेव्हा दोन्ही कथा एकामागे एक छापल्या पाहिजेत, ही त्यांची अट होती. त्या वर्षीचे पारितोषिक दुसऱ्या पुस्तकाला मिळाले. जाणकार म्हणतात की, ती एक कथा काढली असती तर मिळाले असते. मला त्यातले कळत नाही. पुढे त्यांच्या दुसऱ्या संग्रहाला ते पारितोषिक मिळाले, तो समारंभ वाचकांना ठाऊक आहे.

कोऱ्हाळ्यात मास्तरांनी 'भरली मोट' वाचली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. तेच म्हातारे पुढे बसले होते. वाचून संपल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, "नाव त्येच हाय का?"

"तेच."

"मग सुटला बिचारा," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी बाया मळ्यात आल्या. आता तर त्या गावात कोणीही मोट चालू करताना पहिली मोट जमिनीवर ओततो आणि ती कोणाची, हे मुलांनाही ठाऊक असते. बाजारात आक्कांची वांगी आली की गिऱ्हाईक विचारते, "त्याच हिरीची ना?" आणि उचलते. भागूआक्का त्रिंबकरावांना म्हणाल्या, "आता माझी म्हस घ्या गोष्टीत. पर पैल्यांदा मला वाचून दावा."

मंडळी, मी बाजारात आयुष्य घालवलेला माणूस आहे. स्वतःच्या उत्तम वस्तूला लोक डाग लागू देत नाहीत, हे मी रोज पाहिले. त्रिंबकरावांनी आपल्या उत्तम कथेला आपल्या हाताने डाग लावला आणि त्याविषयी पुन्हा कधी हळहळ केली नाही. पदके, पारितोषिके यांवर इतर विद्वान लिहितीलच. मला एवढेच सांगायचे होते.

आता तुमच्या ग्रंथाचे. तुमची निवड चुकीची आहे, असे म्हणण्याची माझी योग्यता नाही. कथा म्हणून पहिली चांगली असेलही. मी त्रिंबकरावांना भेटून म्हटले, "तुम्ही समितीला सांगा." ते म्हणाले, "माझा सत्कार करणाऱ्यांना मी अटी घालू? छे!" आणि छत्रीचे टोक जमिनीत टोचत बसले. ते कोणाला काही सांगणार नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला.

तुमचा ग्रंथ कोऱ्हाळ्याच्या चावडीत येणार आहे. गावाने वर्गणी पाठवली आहे. रावसाहेबांचा मोठा ग्रंथ म्हणून तो पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचला जाईल. त्यात त्यांच्या नावावर ती मोट पुन्हा रिकामी आली आणि पुढचे पान दुसऱ्याच गोष्टीचे निघाले, तर गाव काय समजेल? सुटलेला परत आला, असेच समजेल. भागूआक्का आता थकल्या आहेत. मळा अजून त्याच विहिरीवर आहे. आणि साठाव्या वर्षी त्रिंबकरावांना पुन्हा भर बाजारात कच्ची वांगी खात उभे राहावे लागले, तर तो कसला गौरव?

पाने वाढत असतील तर माझा हा लेख गाळा. मला वाईट वाटणार नाही. तेवढ्या जागेत 'भरली मोट' बसेल असा माझा अंदाज आहे.

श्री. त्रिंबकरावांची नजर आणि पाय शाबूत राहोत, त्यांच्या दौतीला शाई कमी न पडो, कालव्याच्या कडेने त्यांनी अजून पुष्कळ वर्षे छत्री घेऊन हिंडावे आणि दुपारी येऊन माझ्यासारख्या म्हाताऱ्याला घाबरवावे, हीच ग्रामदैवताकडे मागणी आहे. त्यांच्या आधी मी जाईन, ते बरेच. पण त्यापूर्वी आणखी दोनचार कथा ऐकायला मिळाव्यात.

चिटणीस महाराज, उशीर मी केला आहे, तेव्हा घाई करा म्हणायला तोंड नाही. तरी हात जोडून मागतो की, छपाई कुठवर आली आणि दुसरी कथा घेता की नाही, एवढे कार्डावर दोन ओळींत कळवा. गेल्या बाजारी भागूआक्का तागडीपाशी येऊन मला विचारून गेल्या, "धोंडीबा, दोनी छापत्याती न्हवं?" मी म्हणालो, "विचारलंय." अजून विचारले नव्हते. आता विचारले आहे. त्या पुन्हा येतील, त्याच्या आत कळवावे.

आपला नम्र,
धोंडीराम गेनू लोणकर
भाजीबाजार, बारामती